मधुमेह आणि चोरून खाणे

मधुमेह झालेल्याला घरोघरी एकच उपदेश मिळतो : "तोंड आवरा." उपदेश खोटा नाही, पण अपुरा आहे. वजन वाढलेल्या कित्येक मधुमेह्यांचे खाणे ताबा नसल्यामुळे नव्हे, तर एकदम फार कडक ताबा घातल्यामुळे बिघडते. माळकऱ्यांच्या घरात उपासाला मोठा मान; म्हणून हा विषय आम्ही मुद्दाम घेतला आहे.

प्रकार असा घडतो. रक्तात साखर निघाली की माणूस भात सोडतो, भाकरी सोडतो, सकाळची न्याहारीही सोडतो. दिवस कसाबसा जातो. रात्री घर निजले की डबे उघडतात. लाडू, फरसाण, उरलेली पोळी नि गूळ, पोटाला तडस लागेपर्यंत. मग लाज वाटते, म्हणून सकाळी पुन्हा उपास आणि रात्री पुन्हा डबा. अल्बर्ट स्टंकार्ड या अमेरिकन डॉक्टरांनी रात्रीच्या खाण्याच्या विकाराचे वर्णन १९५५ साली केले, अनावर खाण्याचे १९५९ साली. पुढे २०१३ मध्ये अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांनी अनावर खाणे हा स्वतंत्र विकार मानला. थोड्या वेळात पुष्कळ खाणे, थांबू म्हटले तरी न थांबणे, आणि हे आठवड्यातून एकदा तरी असे तीन महिने चालणे, ही त्याची खूण. म्हणजे हा आजार आहे. त्याला हावरेपणा म्हणून हिणवू नये.

औषधाचाही यात हात असतो. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन उपाशी राहिले तर साखर ७० च्या खाली उतरू शकते. घाम सुटतो, हातपाय कापतात, खा खा होते. त्या वेळी लगेच साखर किंवा गूळ खाणे हाच उपाय, मग ती एकादशी का असेना! या औषधांनी वजनही वाढू शकते. नुसत्या मेटफॉर्मिनचे सहसा तसे होत नाही.

आता एकादशीविषयी. "एकादशी, दुप्पट खाशी" ही म्हण आपणच केली आहे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता पिष्ट. त्यात बटाटा, वर भगर. दिवसभर काही नाही आणि संध्याकाळी ताटभर खिचडी, हे मधुमेह्याला सर्वांत वाईट. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात माउलींनी अति खाणे आणि अति उपाशी राहणे दोन्ही साधकाला वर्ज्य सांगितली आहेत, हे आपण पारायणात वाचतो नि फराळाच्या वेळी विसरतो. उपास करायचाच तर औषधाचे प्रमाण आधी डॉक्टरांना विचारावे, आणि ताक, दही, मूठभर शेंगदाणे असे थोडे थोडे वेळेवर घ्यावे.

वजन उतरवू नये असे आम्ही म्हणत नाही. ८० किलोच्या माणसाने चार ते आठ किलो कमी केले तरी साखरेत फरक दिसतो. पण ते रोज ठराविक वेळी जेवून, सावकाश. घरच्यांनीही ताटावर पहारा ठेवू नये. पहाऱ्याने चोरी वाढते.

डॉक्टरांपुढे "पथ्य पाळतो" एवढेच सांगून उठणारे पुष्कळ. त्यांनी रात्रीचा डबाही सांगावा. या विकारावर बोलून, समजुतीने करायचे उपचार आहेत. डबा लपवला, तर साखर का चढते ते डॉक्टरांना कळत नाही आणि औषध मात्र वाढत जाते. मग ज्या रात्री डबा उघडला नाही, त्या पहाटे साखर घसरण्याचा धोका असतो.