फवारणी पंपाची टाकी : गळती आणि दुरुस्ती

माळशिरस तालुक्यातील डाळिंबाच्या बागांत पाठीवरचा फवारणी पंप नित्याचा आहे. त्याच्या प्लॅस्टिकच्या टाकीस तडा गेल्यास कीटकनाशक पाठीवर झिरपते आणि कातडीवाटे शरीरात भिनते. म्हणून गळका पंप वापरू नये.

हातमोजे घालून टाकी तीन वेळा धुवावी. ते पाणी विहिरीत वा कालव्यात जाऊ देऊ नये. टाकी बहुधा पॉलिएथिलीनची असते. तीवर सामान्य गोंद टिकत नाही. टाकी वाळल्यावर तड्याच्या दोन्ही टोकांशी बारीक छिद्र पाडावे, म्हणजे तडा वाढत नाही. मग त्याच प्लॅस्टिकची पट्टी उष्ण हवेने वितळवून छिद्रांसह तडा कारागिराकडून सांधून घ्यावा. शेवटी साधे पाणी भरून गळती तपासावी.

उन्हाने ठिसूळ झालेली टाकी मात्र बदलणेच हिताचे. पंप सावलीत ठेवल्यास टाकी अधिक काळ टिकते.