कंसातला मुलगा

चि. मृण्मयी,


तुझी प्रकरणं आणि पत्र दोन्ही पोचली. मराठीत लिहून वाचतंय कोण, म्हणून कादंबरी इंग्रजीत लिहितेस म्हणे. खुशाल लिही. पण वाचकांची डोकी मोजून तसं ठरवलंस, हे पटत नाही. 2011 च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे 8 कोटींच्या वर होते.

उलट भूमध्य समुद्रातल्या माल्टाची वस्ती साडेपाच लाखांच्या आसपास, म्हणजे आपला एखादा मोठा तालुका. तिथे इंग्रजी बहुतेकांना येते. 1934 पर्यंत माल्टीज राजभाषाही नव्हती, मान इटालियनचा. तरी इम्मानुएल मिफ्सुद कविता-कथा माल्टीजमध्येच लिहीत आला. जन्म 1967 चा, बंदराजवळच्या पाओला गावात कामगार कुटुंबात वाढला, आता माल्टा विद्यापीठात साहित्य शिकवतो. त्याचं 2010 चं एक छोटेखानी पुस्तक मी इंग्रजी अनुवादात वाचलं. वडील दुसऱ्या महायुद्धात शिपाई होते. त्यांच्या मागे मुलगा त्यांची डायरी उघडतो. तोवर तो स्वतःही बाप झालेला असतो. एवढ्यावर पुस्तक उभं आहे, आणि 2011 मध्ये त्याला युरोपियन युनियनचं साहित्य पारितोषिक मिळालं.

मूळ नाव 'फ्ल-इसेम ताल-मिस्सीर (उ ताल-इबेन)', म्हणजे बापाच्या (आणि मुलाच्या) नावाने. ख्रिस्ती माणूस क्रूसाची खूण करताना म्हणतो त्यातलेच पहिले शब्द, फक्त मुलगा कंसात. ही जरा प्राध्यापकी खोडी, पण मला आवडली. त्यातला 'मिस्सीर', म्हणजे बाप, सिसिलीकडचा आणि 'इबेन', म्हणजे मुलगा, अरबी. घरातल्या घरात दोन मुलुख! 'इसेम' म्हणजे नाव. आपल्या पंचनाम्यातला 'एक अनोळखी इसम' त्याच अरबी शब्दाचा. घे, तुझ्या मराठीचा सोयरा तिथेही निघाला.

तुझ्या प्रकरणांत लंडनचं धुकं झकास उतरलंय. तू लंडनला गेलीस कधी?

बापाची वही आपल्याकडेही आहे: माझ्या वडिलांची, आप्पांची, काळ्या ट्रंकेत. तलाठ्याचा माणूस, पै-पैचा हिशोब. परवा एक पान अडखळत लावलं. रॉकेल, गूळ, बैलाची वेसण, आणि खाली एवढंच: 'बाळ गेले.' पुढच्या ओळीत पुन्हा गूळ. माझ्याआधी एक भावंड होतं, हे मला वयाच्या बहात्तराव्या वर्षी त्या ओळीने सांगितलं. तुझ्या आईला अजून बोललेलो नाही.

सुरुवातीची चाळीसेक पानं मोडी लिपीत आहेत. मला ती धड येत नाही, आणि डोळेही आता साथ देत नाहीत. पुण्यात मोडीचे वर्ग चालतात, तेवढं शिकून घे. दिवाळीला ये. ट्रंकेची किल्ली देवघराच्या फडताळात आहे.

तुझा,
दादामामा