बाणाचें तोंड कोणीकडे?

कोन दिला असतां त्याची स्पर्शज्या काढावयाची, हें आपण त्रिकोणमितींत शिकतों. उलट, स्पर्शज्या ठाऊक असतां कोन कोणता, हा प्रश्न व्यस्त फलाचा होय. परीक्षेपलीकडे त्याचें प्रयोजन काय, असें पुष्कळांस वाटतें. मलाहि वाटत असे. पुढें वेब-पानावर एक बाण काढण्याचा प्रसंग आला. माउस जिकडे न्यावा तिकडे बाणानें तोंड वळवावें, एवढेंच काय तें करावयाचें होतें.

बाणाच्या मध्यापासून माउस उजवीकडे किती व खालीं किती, हीं अंतरें मोजावीं (डावीकडे व वर तीं उणें होत). खालच्या अंतरास उजवीकडच्या अंतरानें भागावें, आणि भागाकारावरून व्यस्त स्पर्शज्येनें कोन काढावा, अशी माझी योजना. माउस उजव्या भागांत होता तोंपर्यंत बाण आज्ञाधारक होता. डावीकडे जातांच तो नेमकी पाठ दाखवूं लागला!

माउस १०० बिंदु उजवीकडे व १०० वर असल्यास भागाकार −१ येतो. तोच १०० डावीकडे व १०० खालीं गेला, तरी भागाकार पुन्हां −१ च. जागा परस्परविरुद्ध, पण उत्तर दोन्ही वेळां −४५ अंश. उणें चिन्ह अंशाचें कीं छेदाचें, ही बातमी भागाकारानें गिळून टाकिली होती.

१९९५ सालीं निर्माण झालेल्या जावास्क्रिप्ट भाषेंत यास्तव ‘मॅथ.अटॅन२’ हें निराळें फल आहे. त्यास भागाकार न देतां दोन्ही अंतरें द्यावयाचीं. उभें आधीं, आडवें मागून. दुसऱ्या जागीं तें १३५ अंश, म्हणजे खरा कोन देतें. उत्तर रेडियनमध्यें येतें. १८० नें गुणून पायनें भागिलें कीं अंश होतात. कागदावर आपण कोन उजवीकडून वर वळवितों. पडद्यावर उभें अंतर खालीं वाढत असल्यामुळें तो घड्याळाच्या कांट्याप्रमाणें वळतो, आणि वेब-पानावरील आकृतीहि तशीच फिरते. म्हणून चिन्ह बदलावें लागत नाहीं. हें न कळल्यामुळें मीं एक संध्याकाळ व्यर्थ दवडली.

एक अडचण मात्र राहते. माउस १७९ अंशांवरून दोन अंश पुढें सरकला, कीं उत्तर एकदम −१७९ होतें. फरक −३५८, बाण सावकाश फिरविण्याची योजना असेल, तर तो गरकन् उलटी प्रदक्षिणा घालितो. अशा वेळीं त्या फरकाची भुजज्या व कोटिज्या काढून, याच क्रमानें तीं ‘अटॅन२’ ला द्यावीं. उत्तर २ अंश येतें, आणि बाण तेवढाच सरकतो.