गोपनीयता की मौन?

समाजकार्याच्या विद्यार्थ्याला व्यक्तिसहाय्य कार्याच्या पहिल्याच पाठात शिकविले जाते की, सेवार्थीने विश्वासाने सांगितलेली गोष्ट बाहेर जाता कामा नये. तत्त्व योग्यच आहे. परंतु एखादे मूल 'कुणाला सांगू नका' असे म्हणत स्वतःवरील लैंगिक अत्याचार सांगते, तेव्हा आपण काय करावे?

14 नोव्हेंबर 2012 पासून लागू झालेल्या पोक्सो कायद्याने याचे उत्तर दिले आहे. कलम 19 प्रमाणे असा गुन्हा घडल्याचे माहीत असणाऱ्या किंवा घडण्याची धास्ती वाटणाऱ्या प्रत्येकाने पोलिसांना कळविलेच पाहिजे. समाजकार्यकर्त्याला यातून सूट नाही. न कळविल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड वा दोन्ही. पुरावे गोळा करणे आपले काम नव्हे. सद्भावनेने माहिती देणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे.

शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, राजुरा येथील वसतिगृहातील मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरविरुद्ध माहिती न दिल्याचा गुन्हा नोंदविण्यात आला होता. उच्च न्यायालयाने तो रद्द केला. सर्वोच्च न्यायालयाने 2 नोव्हेंबर 2022 रोजी तो आदेश फिरविला आणि माहीत असूनही न कळविणे हा गंभीर गुन्हा असल्याचे सांगितले.

तरीही वस्तीत ऐकू येते, "आपल्याच समाजाची बदनामी कशाला? बैठकीत मिटवू." आम्ही स्पष्टच म्हणतो, असे मिटविणे म्हणजे मुलाला पुन्हा त्याच घरात ढकलणे होय.

मात्र कळविणे म्हणजे गावभर करणे नव्हे. फेब्रुवारी 2013 मध्ये आपल्या जिल्ह्यातील लाखनीजवळच्या मुरमाडी येथे तीन अल्पवयीन बहिणींचे मृतदेह विहिरीत सापडले. संतप्त लोकांनी महामार्ग रोखला. 1 मार्च रोजी तत्कालीन केंद्रीय गृहमंत्री सुशीलकुमार शिंदे यांनी राज्यसभेतील निवेदनात मुलींची नावेच वाचली. हरकत घेतली गेल्यावर ती कामकाजातून वगळण्यात आली. संसदेत असे होते, तर विहारातील बैठकीत नाव तोंडून निसटायला कितीसा वेळ लागणार!

म्हणून आमची विद्यार्थ्यांना सूचना अशी की, 'मी कुणालाही सांगणार नाही' हे वचन मुलाला कधीच देऊ नये. 'तुला सुरक्षित ठेवण्यासाठी काही लोकांना सांगावे लागेल' असे आधीच सांगावे. खोदून खोदून विचारू नये. पोलिसांना किंवा 1098 वर कळवावे. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी, गणवेशात नसलेल्या अधिकाऱ्याने घ्यायचा असतो, हे पालकांना समजावावे. मुलाचे शब्द वहीत जसेच्या तसे लिहून ती कुलपात ठेवावी. कार्यकारिणीलाही त्याचे नाव कळण्याचे कारण नाही.