शहराच्या हद्दीत आलेला गोठा

ठाणे महानगरपालिका १ ऑक्टोबर १९८२ रोजी अस्तित्वात आली व पुढील वर्षी कल्याण-डोंबिवलीसाठी महानगरपालिका स्थापन झाली. या दोन्ही शहरांच्या वाढीबरोबर भातशेतीची अनेक गावे नगरहद्दीत आली. कल्याण-शिळ रस्त्याच्या व मलंगगडाच्या बाजूची २७ गावे तर १९८३ साली हद्दीत आली, २००२ साली बाहेर काढण्यात आली आणि २०१५ साली पुन्हा समाविष्ट झाली. या सर्व काळात गोठ्यातील दावण जागची हलली नाही. तिला लागू होणारा कायदा मात्र तीनदा बदलला. ही गोष्ट पुष्कळ पशुपालकांच्या ध्यानात येते ती नोटीस हाती पडल्यावरच.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ याच्या कलम ३७६ अन्वये विक्रीसाठी, भाड्याने देण्यासाठी किंवा दूध वगैरे उत्पन्न विकण्यासाठी जनावरे पाळावयाची असल्यास आयुक्तांचा परवाना आवश्यक असतो. घरच्या दुधापुरती बांधलेली एक गाय आणि रतीब घालण्यासाठी ठेवलेल्या तीन म्हशी यांत म्हणूनच फरक केला पाहिजे. मात्र, शेजाऱ्याला रोज एक लिटर दूध विकत दिले तरी तीही विक्रीच होय. शिवाय जनावर घरापुरते असले तरी त्यापासून शेजाऱ्यांना उपद्रव होता कामा नये, हे बंधन सर्वांनाच आहे. परवाना ठराविक मुदतीचा असतो. त्याचे नूतनीकरण वेळेवर करून पावती जपून ठेवावी.

परवाना मिळणे व टिकणे हे मुख्यतः शेणाच्या व्यवस्थेवर अवलंबून असते. प्रौढ म्हैस दररोज सुमारे १५ किलो शेण टाकते. तीन म्हशींचे ४५ किलो, म्हणजे वर्षाला १६ टनांहून अधिक शेण होते. गावी हेच शेण खतखड्ड्यात कुजून खाचरात जात असे व त्याची वाट पाहिली जाई. खाचरावर इमारत उभी राहिली की तेच शेण गटारात लोटले जाते, पहिल्या पावसात नाला तुंबतो आणि तक्रार होते. शेजारी नवे आहेत, त्यांना वासाची सवय नाही, असे म्हणून हा प्रश्न सुटत नाही. उष्ण व दमट हवेत माशीची एक पिढी आठ-दहा दिवसांत तयार होते. तेव्हा शेणाचा ढीग आठवडाभर पडू देणे म्हणजे माश्या पाळणेच होय.

जागा असल्यास दोन घनमीटरचे गोबर गॅस संयंत्र बसविणे हा उत्तम उपाय आहे. त्यास रोज सुमारे ५० किलो शेण लागते, म्हणजे तीन-चार म्हशींचे शेण त्यात खपते आणि बाहेर पडणारी मळी खत म्हणून उपयोगी पडते. जागा नसल्यास हद्दीबाहेरील एखाद्या शेतकऱ्याशी शेण उचलण्याचा करार आधीच करावा. गोठ्यात प्रत्येक म्हशीस किमान ४ चौरस मीटर छपराखालील जागा द्यावी. जमीन पक्की व मोरीकडे उतरती असावी, तसेच मूत्र मोरीवाटे झाकलेल्या टाकीत साठवावे. ते उघड्या गटारात सोडू नये.

मुंबईस हाच प्रश्न पूर्वी पडला होता. तेथील दाटीतले तबेले हलविण्यासाठी १९४९ साली आरे दुग्ध वसाहत उभारण्यात आली व हजारो म्हशी तेथे नेण्यात आल्या. अशी सोय प्रत्येक शहरात होईल या भरवशावर मात्र कोणी राहू नये.

चारा कमी पडला की जनावर रस्त्यावर सोडण्याची खोड काहींना लागते. कोंडवाड्यात गेलेले जनावर सोडविण्यास दंड व खुराकीचा खर्च भरावा लागतो. १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणविषयक कायद्याप्रमाणे सात दिवसांत मालक पुढे न आल्यास नोटीस लागते व त्यानंतरच्या सात दिवसांत कोणी न आल्यास जनावराचा लिलाव होतो. दुभती म्हैस अशा रीतीने गमावणाऱ्या कुटुंबाची वर्षाची मिळकतच जाते.

कुत्र्यासाठीही महापालिकेचा परवाना घ्यावा. पिल्लू तीन महिन्यांचे होताच त्यास रेबीजची लस टोचावी व पुढे दरवर्षी टोचत राहावे. कुत्रा चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन रुग्णास त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. जखमेवर हळद वा चुना लावीत बसू नये.

ग्रामसेवकांचे खरे काम गाव समाविष्ट होण्यापूर्वीचे आहे. घरोघरी जाऊन मालकाचे नाव, जनावरांची संख्या, कानातील १२ अंकी बिल्ल्याचा क्रमांक, लाळ-खुरकुताच्या लसीची तारीख व शेण कोठे जाते, एवढे एका वहीत लिहून घ्यावे. ग्रामपंचायतीचे दप्तर प्रभाग कार्यालयाकडे गेल्यावर जुन्या गोठ्याचा पुरावा शोधणे कठीण जाते. मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे पौष पौर्णिमेच्या यात्रेत जनावरांचा मोठा बाजार भरतो. तेथून म्हैस आणणाऱ्यानेही बिल्ला व खरेदीची पावती पाहूनच पैसे द्यावेत, आणि परवान्यात जितकी जनावरे नमूद आहेत तितकीच गोठ्यात बांधावीत.