वासराच्या हाडांना कॅल्शियम कोठून मिळते?



आपल्या गावात घरोघरी गाई-म्हशी आहेत. त्यांची वासरे, रेडके आहेत. त्यांची हाडे आणि दात घट्ट व्हायला कॅल्शियम लागते. अंगातल्या १०० भाग कॅल्शियमपैकी ९९ भाग हाडांत व दातांतच असते. ते काही फक्त दुकानातल्या बाटलीत नसते. आपल्या गोठ्यात आणि बांधावरही असते.

१) चीक : गाय व्याली की खरवस कधी मिळेल म्हणून आपण वाट बघतो. मलाही खरवस फार आवडतो. पण पहिला चीक वासराचा. चिकात दुधापेक्षा कॅल्शियम जास्त असते. रोगाशी लढायची शक्तीही त्यातूनच येते. म्हणून तासाभरात चीक पाजावा. वार पडायची वाट बघत बसू नये.

२) दूध : लहान वासराला रोज त्याच्या वजनाच्या एक दशांश दूध लागते. आमची कालवड जन्मली तेव्हा अंदाजे २५ किलोची होती. म्हणजे तिला रोज अडीच लीटर दूध पाहिजे. एक लीटर गाईच्या दुधात सुमारे सव्वा ग्रॅम कॅल्शियम असते. आता हे गणित बघा. आमची गाय दोन्ही वेळचे मिळून ८ लीटर दूध देते. आई एक सड कालवडीसाठी सोडते. चार सडांचे ८ लीटर, तर एका सडाचे २ लीटर. म्हणजे अर्धा लीटर कमीच पडते! मी हे बाबांना पाटीवर मांडून दाखवले. बाबा म्हणाले, "डेअरीचं बिल कमी येईल रे." मग आजी म्हणाली, "हीच उद्या आपली गाय व्हायची हाय. तिचं तिला पिऊ दे." आता तिला अर्धा लीटर जास्त मिळते.

३) पाला : दोन आठवड्यांचे झाले की वासरू पाला चघळू लागते. नुसत्या कडब्यात कॅल्शियम थोडे असते. लसूणघास, शेवरी, चवळीचा व भुईमुगाचा पाला यांत जास्त असते. शेवग्याच्या पाल्यातही पुष्कळ असते. कोवळा पाला थोडा थोडा द्यावा. दवाने भिजलेला लसूणघास एकदम खूप घातला तर पोट फुगते. म्हणून तो सुकवून घालावा.

४) ऊन : हे फुकट मिळते. उन्हामुळे अंगात ड जीवनसत्त्व तयार होते. ते नसेल तर खाल्लेले कॅल्शियम अंगी लागत नाही. वासरू दिवसभर अंधाऱ्या कोपऱ्यात बांधू नये. सकाळच्या उन्हात मोकळे सोडावे. ते उड्या मारते तेव्हा फार मजा वाटते.

कॅल्शियम कमी पडले की वासराचे सांधे सुजतात, पाय वाकतात. त्याला मुडदूस म्हणतात. वासरू माती खात असेल, भिंत चाटत असेल तर पोटात जंत असू शकतात, नाही तर क्षार कमी पडलेले असतात. अशा वेळी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवावे. चुन्यात कॅल्शियम असते म्हणून कोणी डबीतला चुना चारू नये. त्याने तोंड भाजते.

मुलांनो, आज घरी गेल्यावर आपल्या वासराचे वजन विचारा आणि त्याला १० ने भागा. तेवढे दूध त्याला मिळते का, ते आईला विचारा.

– इयत्ता चौथी