बावखल राखल्याचे पैसे कोण देणार?

प्रश्न : वसईतल्या गिरीजला आमची वडिलोपार्जित केळीची वाडी आहे. तीत जुने बावखल, म्हणजे छोटे तळे, आहे. पावसाचे पाणी त्यात साठून मुरते, म्हणून आसपासच्या विहिरी गोड राहतात. फायदा सगळ्या आळीला, गाळ काढायचा खर्च मात्र आमचा. भाऊ म्हणतो, भराव टाकून मोकळे होऊ. बावखल राखल्याबद्दल ‘ग्रीन क्रेडिट’मधून किंवा सरकारकडून काही मिळते का?
– एक वाचक, गिरीज

उत्तर : हक्काने मागता येईल असा पैसा आज कायद्यात नाही. केंद्र सरकारच्या ऑक्टोबर 2023च्या ग्रीन क्रेडिट नियमांत जलव्यवस्थापनाचे नाव आहे. पण त्यांवर पुढे कार्यपद्धती आली ती मुख्यतः उजाड वनजमिनीवरील वृक्षलागवडीची. तुमचे बावखल तीत बसत नाही. ‘क्रेडिट काढून देतो’ म्हणत कोणी आगाऊ फी मागितली, तर चहा पाजा आणि वाटेला लावा.

उरतो करार. हिमाचलमधल्या पालमपूरला बोहल झऱ्याचे पाणी मिळते. झऱ्यावरचे जंगल राखणाऱ्या गावकऱ्यांच्या संस्थेला तिथल्या नगरपरिषदेने वर्षाला 10 हजार रुपये देऊ केले. रक्कम किरकोळच, पण पाणी पिणाऱ्याने पाणी राखणाऱ्याला पैसे मोजले. आपल्याकडे संगमेश्वर भागात पुण्याची ‘एईआरएफ’ ही संस्था खासगी जंगल न तोडण्याचे करार मालकांशी करते. वसई-विरार महापालिकेकडे तुम्हीही असाच करार मागा, मात्र आळीतल्या सगळ्या बावखलवाल्यांनी मिळून. जुलै 2018च्या पुरात वसई-विरारमध्ये रेल्वेसुद्धा बंद पडली होती. पाणी मुरायला जागा का हवी, हे पालिकेला वेगळे पटवावे लागू नये.

त्याआधी सातबारा काढा. बावखल पोटखराब, म्हणजे लागवडीखाली नसलेल्या, जमिनीच्या ‘अ’ वर्गात आहे की ‘ब’ वर्गात, ते पाहा. मालकाखेरीज इतर लोक ज्या तळ्याचे पाणी पिण्याला, घरकामाला किंवा शिंपणाला वापरतात, ते ‘ब’मध्ये धरले जाते. तशी नोंद असेल तर भावाच्या भरावाला शेजारी हरकत घेतील, आणि ती वजनदार ठरेल.

करारात मालकी तुमचीच राहील, मुदत ठरावीक असेल आणि पैसे थकले तर बंधन सुटेल, ही तीन कलमे स्पष्ट हवीत. बक्षीसपत्र किंवा बेमुदत कुलमुखत्यारपत्र कुणी पुढे केले, तर सही करू नका. मिळालेली रक्कम शेतीचे उत्पन्न म्हणून करमुक्त धरू नका. करार आधी सीएला दाखवा. आणि जमीन वडिलोपार्जित असल्याने सातबाऱ्यावरच्या सगळ्यांच्या सह्या लागतील, भावाचीही.